गोंदणारीने रंग दिला नव्हता

ज्या बाईच्या सुया आमच्या गावात वेशीजवळच्या दगडावर ठेचल्या गेल्या, तिची काही चूक नव्हती. चूक माझी होती. एवढं लिहायला मला साठ वर्षांच्या वर लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. शेवटासाठी ठेवलं तर हात पुन्हा आखडेल.

मोठी लढाई चालू होती ते दिवस. अनसिंगच्या बाजूला, गावाला लागून आमचा तीन एकरांचा मळा होता. विहिरीवर मोट, आणि मोटेच्या पाण्यावर वांगी, मेथी, कांदे, सांबार म्हणजे कोथिंबीर. वडील वारले होते. घरात माय, मी आणि माझी थोरली बहीण. तिला मी बाई म्हणतो, आजही म्हणतो. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं, विसाव्या वर्षी नवरा तापाने गेला आणि सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं.

तिच्या पोटऱ्यांवर शिरांचं जाळं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. फुगलेल्या, गाठाळ शिरा नव्हत्या त्या. कातडीच्या अगदी खाली, केसासारख्या बारीक, काही निळ्या, काही तांबड्या, पिंपळाचं पान कुजून नुसती जाळी उरावी तशा पसरलेल्या. घोट्याच्या वरून सुरू होऊन गुडघ्याच्या मागे जात. बाळंतपणात त्या दिसू लागल्या. मूल जगलं नाही, शिरा राहिल्या. दुखत काही नव्हत्या. पण तिच्या सासूने नवऱ्याच्या दहाव्याला चार बायांत म्हटलं, "पायाले जाळं घेऊन आली हे, माहं पोरगं त्यात अडकलं." तो बोल बाईच्या आधी आमच्या गावात पोचला.

त्या काळी बायका लुगडं कासोटा घालून नेसत. मळ्यातल्या बाईची पोटरी दिवसभर उघडी. कामात झाकायची सोयच नव्हती.

आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न होतं. वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजूच्या एका मळेकऱ्याकडून विचारणा आली. बिजवर होता, दोन लहान लेकरं होती, माणूस शांत म्हणत. त्याची आई नव्हती, म्हणून त्याची मावशी बाईला पाहायला येणार होती. आणि पाहायची रीत अशी की मळेकऱ्याच्या घरची सून कोणी सतरंजीवर बसवून पाहत नाही. पाहुणी मळ्यातच येते, बांधावर बसते आणि मुलगी पाणी कसं धरते ते पाहते. मोट ओतली की पाणी दांडातून धावत येतं. एक वाफा भरला की खोऱ्याने दांड फोडून दुसऱ्यात वळवायचं, पहिल्याचं तोंड मातीने बुजवायचं, आणि हे सगळं घोटाभर चिखलात उभं राहून, लुगडं गुडघ्याच्या वर खोचून. पाणी फुटू न देता दहा वाफे भरले की मुलगी पसंत. म्हणजे मावशी तासभर बाईचे पायच पाहणार होती.

मला त्या मावशीची धास्ती बाईपेक्षा जास्त होती. तेही लिहायला हवं. माझी सोयरीक ठरत आली होती आणि मुलीच्या बापाने मला तोंडावर सांगितलं होतं, "घरात तरणी रांडाव बहीण बसून हाय. तिचं पाहा आंधी, मंग माह्या पोरीचं पाहू." मी बहिणीसाठी धावपळ करतो असं गाव म्हणत होतं. मी ते म्हणू देत होतो.

पहिल्यांदा मी तिला वाशीमला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हातारे होते, तोंडाने फटकळ. त्यांनी बाईला बाकावर उभं केलं, बोटाने एक शीर दाबली. ती पुसली गेली, बोट काढताच परत उमटली.

"दुखतं?"

बाईने मान हलवली, नाही.

"पाय सुजतात? रात्री गोळे येतात?"

"नाई जी."

"मग माझ्याकडं कशाला आणलीस हिला?" ते मला म्हणाले. "हा रोग नाही, नुसता रंग आहे."

मी म्हटलं, "डाक्टरसाहेब, हा रंगच घालवाचा हाय."

ते हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, हे मला नीट आठवतं, कारण पुढे मी त्यातलं एकही ऐकलं नाही. मोठ्या शिरेत औषधाची सुई देऊन ती बुजवता येते. पण केसासारख्या शिरेत त्यांची सुई जाणार नाही. मोठ्या शहरात कोणी करत असेल तर करो. औषध शिरेच्या बाहेर सांडलं तर वरची कातडी मरते आणि जखम महिनोन्‌महिने वाहते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी घट्ट बांधावी, निजताना पाय उंच ठेवावा, उभं राहणं कमी करावं. याने आहेत त्या जाणार नाहीत, नव्या कमी येतील.

"आणि झाकायच्याच असतील तर," ते म्हणाले, "साहेबांच्या मडमा पायमोजे घालतात. हिला मोजे घालून चिखलात उभी करतोस का?"

बाई खुदकन हसली. दवाखान्यातून परतताना गाडीत ती मला म्हणाली, "चांगला हाय रे म्हातारा. रोग नाही म्हणते. मंग राहू दे की, बापू."

मी म्हटलं, "मावशीले डाक्टर काय म्हणते ते कोण सांगन?"

मायने नंतर तळ्यातल्या जळवा आणवल्या. वाईट रक्त ओढून घेतील असा तिचा भरवसा. चार जळवा बाईच्या पोटरीवर लावल्या. त्या टम्म फुगून गळून पडल्या, आणि शिरा होत्या तिथेच, वर चार लाल तोंडं आणि भोवती काळंनिळं. आठ दिवसांत ते निवळलं. जाळं जसंच्या तसं.

तोवर निरोप आला. पुढल्या आठवड्यात शुक्रवारी मावशी येणार.

शनिवारच्या बाजारात गोंदणारी बसायची. साधारण पस्तीस-चाळीसची, उंच, काळीसावळी, हातभर हिरवं गोंदण. पाठीशी एक लहान मुलगी. खेडोपाडी फिरायची, पण आमच्या बाजारात तिची जागा ठरलेली, चिंचेखाली. तिला घरी बोलवायची युक्ती माझीच. शिरांवरून वेल गोंदली तर खालचं जाळं कोणाला दिसणार? मायला ते पटेना.

"पाट लागाच्या आंधी रांडाव बाईनं गोंदण करा? लोक काय म्हनतीन?"

गोंदणारी ओसरीत बसली होती, सुया दोऱ्याने एकत्र बांधत. ती मान वर न करता म्हणाली, "माय, गोंदण काही कुकू नाही पुसाले. ते नवऱ्याचं नसते. ज्याच्या अंगावर, त्याचं."

बाईने लगेच पाय पुढे केला.

काजळाचा रंग तिने करवंटीत घोटला. मग बाईचा घोटा स्वतःच्या गुडघ्याखाली दाबून धरला आणि पाच सुयांची जुडी टकटक टोचत निघाली. बाई दात आवळून बसली होती. गोंदणारी तिला बोलण्यात गुंतवत होती. "काय पाहिजे वं तुले? विंचू काढू? विंचू पाहून नवरा भीत राह्यते."

"नवरा येऊ तं दे आंधी," बाई म्हणाली, आणि दुखत असतानाही दोघी हसल्या.

दोन तासांनी दोन्ही पोटऱ्यांवर एकेक वेल उठली, पानं, कळ्या, ठिपके. वर हळद आणि तेल लावलं. मी जवळ जाऊन पाहिलं. पानांच्या मधल्या जागांत शिरा दिसतच होत्या. उलट काळ्या वेलीशेजारी त्या जास्तच तांबड्या दिसत होत्या.

"हे मधातलं राहून गेलं," मी म्हटलं.

"राहून नाही गेलं, ठेवलं हाय. एका बैठकीत सारं टोचलं तं पाय पिकते. पुढल्या शनिवारी येतो, तवा मधातलं भरतो." मग बाईकडे वळून म्हणाली, "नऊ दिवस चिखलापासून जप. खपली पडन, भेसूर दिसन. घाबरू नको. वरून काही लावू नको, काहीच नाही."

पुढला शनिवार म्हणजे मावशी येऊन गेल्यावर. मी तिला म्हटलं, शुक्रवारच्या आधी ये. तिला दुसऱ्या गावचे बाजार होते. ती म्हणाली, "दादा, माह्या सुयाईले घाई करता येते. कातडीले नाही करता येत."

रविवार, सोमवार, मंगळवार. मी दिवसातून चारदा बाईच्या पोटऱ्या पाहत होतो. खपल्या धरल्या होत्या. मधलं जाळं तसंच. मला जेवण जात नव्हतं. मोट हाकताना बैल थांबले तरी मला कळत नसे. माय म्हणायची, "काय झालं रे तुले? पाहाले तिले येऊन राह्यले का तुले?"

मंगळवारी परिटाने धुणं आणून दिलं. माझ्या सदऱ्याच्या काठावर आमच्या घराची खूण होती, तीन काळे ठिपके. परीट ती खूण बिब्ब्याच्या तेलाने करतात. कापड फाटतं, पण खूण जात नाही. मी तो सदरा हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. कापडावर बसतो तो रंग कातडीवर का बसणार नाही? मधल्या जागांत बारीक काळ्या रेघा ओढल्या की वेलीच्याच दिसतील.

बिब्बा आमच्या प्रत्येक घरात असतो. टाचेला भेग पडली, काटा मोडला की सुईने टोचून दिव्यावर धरतात, तेल सुटतं, ते लावतात. बहुतेकांना सोसतो. काहींना उततो, अंग सुजून फोड येतात. बाई त्या काहींतली होती. हे मला माहीत होतं. मी सात-आठ वर्षांचा असताना मायने तिच्या टाचेला बिब्बा लावला होता आणि तिचा पाय आठ दिवस भोपळ्यासारखा झाला होता. त्यानंतर मायने बिब्ब्याचा डबा तिच्या हाताला लागणार नाही असा उंच फडताळात ठेवला होता. मी तो तिथूनच काढला.

विसरलो होतो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. विसरलो नव्हतो. लहानपणची गोष्ट आहे, आता मोठी झाली, सोसेल, असं मनाला समजावलं. आधी माझ्या दंडावर एक रेघ ओढून पाहिली. सकाळपर्यंत काही झालं नाही. मग मी दोन बिब्ब्यांचं तेल काढून त्यात काजळ कालवलं.

बुधवारी सकाळी माय भाजी घेऊन बाजारपेठेत गेली, तेव्हा मी बाईसमोर करवंटी ठेवली.

"हे काय?"

"गोंदणारीनं देलं. म्हने मधातल्या जागी काडीनं भर, तोवर भागन."

"ते तं म्हनत होती काही लावू नको."

"मले बाजूले घेऊन सांगितलं. तू घाबरशीन म्हनून."

बाईने पाय पुढे केला. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असं मी लिहिणार होतो, पण तेवढंही नाही. तिला विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्नच पडला नाही. मी तिचा भाऊ होतो. कडुनिंबाच्या काडीने मी एकेक शीर काळी करत गेलो. ताज्या टोचलेल्या कातडीवर. दिसायला सुंदर दिसत होतं. ती पाय वळवून वळवून पाहत होती आणि म्हणाली, "बापू, तू गोंदणाऱ्याच्या घरी जन्माले याले पायजे होता."

संध्याकाळी खाज सुटली. गुरुवारी पोटऱ्या तांबड्या झाल्या आणि गरम लागू लागल्या. मी म्हटलं, रंग बसतोय. गुरुवारी दुपारी पाणी भरलेले फोड उठले. मायने सांबार वाटून रस लावला, खोबरं उगाळून लावलं. बिब्बा उतल्यावर करतात तेच उपाय ती नकळत करत होती आणि पुनःपुन्हा म्हणत होती, "गोंदण असं नाही उतत वं, असं नाही उतत." दर वेळी मला वाटे, आता ती फडताळाकडे पाहील. डब्यात दोन बिब्बे कमी होते. मी दुसऱ्या कोणाच्या घरून दोन मागून आणून त्यात टाकले. एवढं मात्र मला सुचलं.

मी मायला म्हटलं, मावशीला निरोप धाडून येऊ नका म्हणू. बाईच नाही म्हणाली. "येऊन जाऊ दे. पाणी धरता येते मले."

शुक्रवारी सकाळी मावशी छकड्यातून उतरली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, बोलायला मोकळी. बांधावर बसून तिने मायला विचारलं, वांगी कुठल्या बियाची. मी मोट हाकत होतो. बाईने लुगडं खाली सोडलं होतं, घोट्यापर्यंत. ती दांडात उतरली आणि तिने पहिला वाफा भरला, दुसरा भरला. विहिरीच्या काठावरून मला तिचं तोंड दिसत होतं. चिखलाचं पाणी फोडांना लागत असणार. ती हूं का चूं करत नव्हती. पाणी एकदाही फुटलं नाही.

चौथ्या वाफ्याला मावशीने हाक मारली, "बाई, लुगडं खोच ना वं वर. सारं चिखलात भिजून राह्यलं."

बाई तशीच उभी राहिली. खोऱ्यावर हात ठेवून. मी बैल थांबवले. मग तिने लुगडं वर खोचलं.

मावशी उठून दांडाशी आली. खाली वाकली. "अगं माय! हे काय करून घेतलं?"

"गोंदण उतलं," माय म्हणाली.

"पोटरीले गोंदण? आन् दोन्ही पायाले? कायले?"

बाईच म्हणाली, "शिरा होत्या. जाळं. ते झाकाले."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं. तिच्या पोटऱ्यांवर तेच होतं, बाईच्या दुप्पट, निळं, तांबडं, घोट्याशी जांभळं झालेलं. "चाळीस वर्स पाणी धरलं म्या," ती म्हणाली. "पाणी धरणाऱ्या बाईच्या पायाले हे नाही राहीन, तं कोणाच्या राहीन? बामनाच्या?"

मायने डोळ्याला पदर लावला. मी विहिरीवरून खाली उतरलोच नाही.

मावशीने नकार दिला नाही. "पाय बरा झाला की निरोप धाडा," असं म्हणून गेली. पण पाय महिन्यात बरा झाला नाही, दोन महिन्यांत झाला नाही. फोड फुटले, जखमा वाहू लागल्या, ताप भरला. त्या गृहस्थाची लेकरं लहान होती, त्याला थांबणं शक्य नव्हतं. त्याने दुसरीकडे पाट लावला. यात त्यांचा काही दोष नव्हता.

मावशी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार. सांगितल्याप्रमाणे गोंदणारी मधल्या जागा भरायला आमच्या दारात आली. तिच्यामागे तिची मुलगी. शेजारच्या सात-आठ बाया आधीच ओसरीत होत्या. तिने बाईचा पाय पाहिला आणि टोपलं खाली ठेवलं.

"हे माह्या सुईचं नाही," ती म्हणाली. "कोणं काय लावलं याले?"

बाई तापात होती. भिंतीला धरून उठली. "तूच देला ना रंग? भावाजवळ?"

"कोण्ता रंग? म्या नाही देला."

बाईने तिच्या थोबाडीत मारली. मी पहिल्यांदा एकदा मारली असं लिहिलं होतं. बाईला वाचून दाखवलं तेव्हा तिने थांबवलं आणि म्हणाली, एकदा नाही, दोनदा. म्हणून दोनदा लिहितो.

गोंदणारीने गालाला हात लावला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "ह्या दादाले विचारा. सांगा दादा, म्या रंग देला का तुमाले?"

सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. मायपण. नाही म्हणायला एक शब्द पुरे होता, आणि तो जिभेवर होता, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या शब्दामागे पुढचा प्रश्न उभा होता, मग कोणी?

"हो," मी म्हणालो. "हिनंच देला."

बायांनी तिचं टोपलं उलटं केलं. वेशीपर्यंत तिला ढकलत नेलं. तिथल्या दगडावर कोणीतरी सुयांची जुडी वरवंट्याने ठेचली. मुलगी रडत होती. मी मागून चाललो होतो, काही कमी-जास्त होऊ नये म्हणून, असं मी नंतर सांगितलं. खरं म्हणजे ती माझ्याबद्दल आणखी काही बोलते का, ते ऐकायला मी गेलो होतो.

पुढे डॉक्टरांनी जखम धुताना वास घेतला आणि म्हणाले, "हा बिब्बा आहे." मी म्हणालो, गोंदणारीने रंगात घातला असेल. ते चिडले. "मग गावोगाव सांगा, नाहीतर आणखी बाया भाजेल ती." झालं. आता माझ्या खोट्यापाठी डॉक्टरांचा शब्द उभा राहिला. आसपासच्या सगळ्या बाजारांत ते पसरलं. ती आमच्या भागात पुन्हा दिसली नाही.

बाईचा पाट कधीच लागला नाही. पायांवर काळे-पांढरे डाग राहिले, आणि डागांच्या कडेने नव्या शिराही आल्या. माझं लग्न दुसऱ्या वर्षी झालं. बाई माझ्याच घरात राहिली, माझ्या मळ्यात पाणी धरलं, माझी चार लेकरं तिने वाढवली. घरात एकाही मुलीला तिने गोंदू दिलं नाही. गोंदणाऱ्या दारावरून गेल्या की शिव्या द्यायची. दर वेळी मी उठून दुसरीकडे जात असे.

गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली. वाचते की नाही असं झालं. एका दुपारी ती मला म्हणाली, "माह्या जल्माचं वाटोळं केलं त्या गोंदणारीनं. देवानं पाह्यलं असन तिच्याकडं." तेव्हा मी सांगितलं. सगळं. फडताळापासून.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा जाऊ दे म्हणेल. ती म्हणाली, "पाय माहा होता, त्याचं मी पाहून घेतलं असतं. पण तुनं मले तिच्या अंगावर हात टाकाले लावला." त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. उठून बसायला लागली तेव्हा पहिला शब्द बोलली तो असा, "जाय, तिले शोध."

मी शोधली. मालेगावच्या पलीकडे तिची मुलगी सापडली. तीच, मागून रडत आलेली, आता नातवंडांची आजी. आई जाऊन जमाना झाला होता. मी तिच्या दारात बसून सांगितलं. ती सूप पाखडत होती, थांबली नाही.

"माय मरेलोक म्हनत जाय, म्या रंग देला नाही," ती म्हणाली. "मंग तिनं सुया धरल्याच नाही. झाडण्या इकल्या." मग म्हणाली, "आता हे माह्या एकटीच्या कानात कायले सांगता, आबा? मले तं पयलेच माहीत होतं. जिथी बोलले, तिथी बोला."

घरी येऊन बाईला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर बोलली."

पुढच्या शनिवारी मी बाजारात गेलो आणि न बोलता परत आलो. त्याच्या पुढच्याही शनिवारी. कोणाला थांबवून काय म्हणायचं ते कळेना. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आता कशाची भीती, असं लोक म्हणतील. पण भीती तीच होती, त्या ओसरीतली.

तिसऱ्या शनिवारी बाई रिक्षात बसून माझ्यासोबत आली. भाजीवाल्या बायांच्या ओळीत काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बोल."

मी बोललो. जवळच्या दोघी-तिघी हसल्या. एक जण म्हणाली, "आबाले ऊन लागलं वाट्टे. पाणी द्या वं." तरुण पोरींना कोण गोंदणारी आणि कसला रंग, काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, संपलं, आता घरी जावं.

तेवढ्यात पलीकडे मेथीच्या जुड्या लावत बसलेल्या एका म्हातारीचे हात थांबले. "जिच्या सुया ठेचल्या, ते?" तिने विचारलं. "माही माय होती ठेचनाऱ्यात. आमाले सांगत जाय, रंगात इख घालत होती म्हनून."

"खोटं होतं ते," मी म्हणालो. "तिनं रंग देला नव्हता. बिब्बा म्या लावला."

म्हातारी म्हणाली, "मंग इतके वर्स काहून नाही बोलले?"

"भेलो होतो," मी म्हणालो. दुसरं काही नव्हतंच सांगायला.

म्हातारीने बाईकडे पाहिलं, बाईच्या पायांकडे पाहिलं. मग मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, "मोठ्यानं बोला, आबा. तिकडच्या ओळीत ऐकू नाही गेलं."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्याने.